कॉटेज बालीचं, पाणी आगाशीचं

शुक्रवारची संध्याकाळ झाली की मुंबईकराच्या मोबाइलवर तीच जाहिरात येते. 'शहरापासून दीड तासावर, निसर्गाच्या कुशीत.' फोटोत त्रिकोणी लाकडी घर, पुढे निळाशार तलाव, तलावात तरंगता नाश्त्याचा ट्रे. पत्ता अर्नाळ्याचा, राजोडीचा, नाहीतर आगाशीचा. त्या फोटोत आगाशीचं काय आहे? काहीही नाही.

वसई-विरारच्या पश्चिम पट्ट्यात हल्ली 'हटके' राहायचं म्हणजे असंच. कुणी कंटेनर रंगवून खोली केली, कुणी झाडावर घर बांधलं, कुणी जुनी बस आणून उभी केली, कुणी बांबू लावून बाली केलं. गिऱ्हाइकाला वेगळं हवं होतं. आता राजोडीचं कॉटेज कोणतं आणि लोणावळ्याचं कोणतं, हे फोटो पाहून सांगून दाखवा.

बाली बघायचंय? विमानानं जा. वसईला बोलावताय ना, मग वसई दाखवा.

दाखवण्यासारखं आहे काय, असं विचारणारे भेटतात. विरारला उतरायचं, रिक्षानं थेट गेटाच्या आत जायचं आणि रविवारी गेटातूनच थेट स्टेशन गाठायचं, असा ज्यांचा दौरा, त्यांना काय दिसणार? सोपाऱ्याचं प्राचीन बंदर, 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरून काढलेला तिथला स्तूप, अशोकाचा शिलालेख सापडला ती जागा, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून जिंकलेला वसईचा किल्ला. सगळं रिक्षाच्या अंतरावर आहे. पण इतिहास कुठे पळून जात नाही. पळतेय ती वाडी.

वाडी म्हणजे काय, हे कंपाऊंडच्या आतून कळत नाही.

केळीची रांग, तिच्या बाजूनं पाट, मधे नारळ, कडेला चाफा आणि जास्वंद, कोपऱ्यात विहीर. सकाळी पंप सुरू झाला की पाटातून पाणी निघतं. एक आळं भरलं की फावड्यानं माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढचं उघडायचं. हे काम करणाऱ्याचं लक्ष पाण्याच्या टोकाकडे असतं. टोक चुकलं तर शेजारच्याच्या वाडीत पाणी, मग सकाळी सकाळी भांडण.

चाफा उजाडायच्या आधी खुडावा लागतो. फुलं पहाटेच्या गाडीनं दादरच्या बाजारात पोचली नाहीत तर भाव गेला. पाहुणे कॉटेजात झोपलेले असतात तेव्हा शेजारच्या वाडीतली बाई टोपली घेऊन निम्मं काम उरकून बसलेली असते. 12 एप्रिल 1867 ला विरारहून मुंबईकडे रोजची गाडी सुरू झाली. पुढे त्याच रुळांवरून वसईची फुलं, भाजी, दूध आणि केळी मुंबईला गेली. दीडशे वर्षं मुंबईला पोसणाऱ्या मुलखाची आज ओळख काय? 'वन डे पिकनिक, पर हेड दर, जेवण धरून.'

बरं, जेवणाचंच बघू.

आगाशी हे भुजिंगचं गाव. कोंबडीचे तुकडे कोळशावर भाजून मसाल्यात, पोह्यांत आणि बटाट्यात परतायचे. मुंबईहून लोक त्यासाठी मुद्दाम येतात, रांगा लावतात. पण कॉटेजच्या मेनूवर काय असतं? पनीर टिक्का, हक्का नूडल्स, हैदराबादी बिर्याणी. किनाऱ्यावर बोंबील वाळत पडलेत आणि ताटात फ्रोजन फिश फिंगर. ज्या गावाला चव आहे, त्याच गावात पाहुण्याला बेचव खायला घालायचं, हा उद्योग कुणाच्या डोक्यातून निघाला?

सुकेळ्याचं तर मला खरोखर वाईट वाटतं.

राजेळी केळं घ्यायचं. पूर्ण पिकू द्यायचं. साल काढून मांडवावर उन्हात ठेवायचं, रात्री आत घ्यायचं, पुन्हा सकाळी बाहेर. आठवडाभर हा खेळ. केळं तपकिरी-सोनेरी होतं, आक्रसतं, त्याचा गोडवा त्याच्यातच दाटतो. वरून साखर घालावी लागत नाही. मग केळीच्याच वाळक्या पानात बांधायचं. आभाळ आलं, हवा दमट झाली की अख्खा मांडव वाया जातो. आगाशी-नंदाखालच्या पट्ट्यात हे करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्याच रस्त्यावरच्या कॉटेजात स्वागताला काय देतात? पुठ्ठ्याच्या डब्यातलं परदेशी चॉकलेट.

याच पालघर जिल्ह्यात घोलवडनं काय केलं ते बघा. तिथल्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या बोर्डीत चिकू महोत्सव भरतो, लोक चिकूच्या बागा बघायला जातात, येताना पेट्या घेऊन येतात. फळ हेच जायचं कारण झालं. आणि वसई? वसईची केळी तोडून तिथे लॉन करतात, लॉनवर प्लॅस्टिकची केळीची पानं लावून फोटोचा कोपरा सजवतात. मी स्वतः पाहिलंय हे. दहा पावलांवर खरी केळ उभी होती.

आता तलावाकडे येऊ. भांडण खरं तिथे आहे.

मध्यम आकाराचा पोहायचा तलाव धरा. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सव्वा मीटरला थोडा कमी खोल. त्यात 60 हजार लिटर पाणी मावतं. दहा हजार लिटरचे सहा टँकर. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी असावं, असा आपल्याकडचा नियोजनाचा हिशेब. म्हणजे एका तलावात चारशे चाळीस माणसांचं एका दिवसाचं पाणी. विरार-नालासोपाऱ्यात किती इमारतींना एवढं रोज मिळतं, ते तिथल्या कुठल्याही बाईला विचारा. ती हंडा दाखवेल.

आणि हे पाणी येतं कुठून? वाडीच्या विहिरीतून, कूपनलिकेतून, नाहीतर टँकरनं. टँकर कुठून भरतात? दुसऱ्या कुणाच्या तरी विहिरीतून.

किनाऱ्यालगतच्या विहिरीचं गणित घाटावरच्या विहिरीसारखं नसतं. इथे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. खारं जड, म्हणून खाली. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी टिकून असेल तर त्याच्या वजनानं खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत खारं पाणी दाबलेलं राहतं. वरचं थोडं उपसलं की खालचं भरपूर वर येतं. कूपनलिका जोरात चालवली की थेट तिच्याच तोंडाशी खारं पाणी चढतं. मग केळीच्या पानांच्या कडा करपतात. वाडीवाला म्हणतो, 'पाणी फिरलं.' एकदा फिरलेलं पाणी पुन्हा गोडं व्हायला किती पावसाळे लागतील, याची हमी कोण देणार? तलावात पोहणारा तर सोमवारी ऑफिसात.

जुन्या लोकांना हे शास्त्राच्या पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. म्हणून बावखलं खणली. पावसाचं पाणी त्यात साठायचं, हळूहळू जमिनीत मुरायचं, आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवायचं. विहिरीवर राहाट होता, जनावराच्या चालीनं फिरायचा, संथ उपसायचा. उपशाला वेग नव्हता, म्हणून विहिरीला भरून यायला वेळ मिळायचा. विजेचा पंप आला, राहाट थांबला. बावखलात कचरा पडू लागला, मग भराव पडला, मग त्यावर काहीतरी उभं राहिलं. आज कित्येक कॉटेजांच्या आवारात राहाटाचं चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं दिसतं. शोभेला, वर पिवळे दिवे सोडून.

बावखल बुजवायचं आणि शेजारी टाइल्सचा तलाव खणायचा. याला विकास म्हणायचं का?

भराव टाकला की काय होतं, ते जुलै 2018 मध्ये वसईनं पाहिलं. रुळांवर पाणी, गाड्या अडकलेल्या, मिठागरात माणसं अडकलेली, घराघरांत अंधार. पाण्याला मुरायला जागा ठेवली नाही की ते बैठकीच्या खोलीत येतं. तेव्हा सगळे ओरडले. पावसाळा सरला, डंपर पुन्हा सुरू झाले.

इथे इमारतीला विरोध करणारी माणसं आहेत, हे वसईचं मोठेपण. 1980 च्या दशकाच्या शेवटी इथली हिरवी जमीन बांधकामाला मोकळी होऊ लागली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसोबत हजारो लोक रस्त्यावर आले. हरित वसईची चळवळ उभी राहिली. विहिरींतून टँकरनं होणाऱ्या पाणीउपशाविरुद्धही ही माणसं लढली. 2009 मध्ये महापालिका झाली, तेव्हा 'आमची गावं वगळा' म्हणत गावं पुन्हा उभी राहिली. दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2024 च्या जुलैत गेले. त्यांनी जपायला सांगितलेल्या हिरव्या पट्ट्यात आज टॉवर उभा करायचा म्हटलं तर गाव जागं होतं. कॉटेज मात्र 'इको' पाटी लावून येतं. गाव झोपलेलंच राहतं.

टॉवर दिसतो. उपसा दिसत नाही.

सातबाऱ्यावर काय लिहिलंय, हाही एक प्रश्न विचारून बघावा. आपल्याकडे शेतजमीन घ्यायची तर सर्वसाधारणपणे शेतकरी असावं लागतं. 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63 तेच सांगतं. उतारा शेतजमिनीचा आणि जमिनीवर बार काउंटर, असं असेल तर त्यावर पीक कोणतं निघतं?

रात्री दहानंतरचं तर सांगायलाच नको. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, निवासी भागात मर्यादा 45 डेसिबल. पण शनिवारी नवापूर-राजोडीच्या रस्त्यानं जा. एका कंपाऊंडात पंजाबी ठेका, दुसऱ्यात भोजपुरी, तिसऱ्यात कुणाचा तरी पन्नासावा वाढदिवस आणि माइक. शांततेसाठी आलेले लोक एवढा आवाज का करतात? आणि भिंतीपलीकडे ज्या घरात तीन वाजता उठून चाफा खुडायचा असतो, त्या घरानं झोपायचं कधी?

पोलिसांना फोन करा, असं सांगणारे शहाणे आहेत. गावातल्या माणसानं गावातल्याच माणसाविरुद्ध फोन करायचा आणि सकाळी त्याच्याच शेजारी बसून मिस्सा ऐकायची, नाहीतर त्याच्याच घरच्या लग्नाचं आमंत्रण घ्यायचं. शहरात बसून सल्ला देणं सोपं असतं.

म्हणून वाडीवाल्याला झोडपायला मी तयार नाही. त्याची बाजू ऐका. लोंगर कापायला माणूस मिळत नाही. मिळाला तर मजुरी परवडत नाही. एका वादळात अर्धी बाग आडवी होते. मुलगा शिकला, बँकेत लागला. त्यानं फावडं का धरावं? अशा वेळी कुणीतरी येऊन म्हणतं, 'काका, झाडं काढा, लॉन करा, एका लग्नात वर्षाचं निघेल.' काकांनी नाही म्हणावं, अशी आपली अपेक्षा. त्यांनी वाडी राखावी, आपण महिन्यातून एकदा येऊन तिच्यासमोर फोटो काढावा. राखायचे पैसे कोण देणार?

पैसे आपणच देतो. फक्त चुकीच्या गोष्टीला देतो.

जी वाडी केळी विकून आणि पाहुणे ठेवून चालते, तिला पैसे द्या. 2020 मध्ये राज्यानं कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. शेती करता करता शेतकऱ्यानं पाहुणे ठेवावेत, नोंदणी करावी, पूरक उत्पन्न मिळवावं, हा त्याचा गाभा. आधी शेत, मग पाहुणा. आपल्याकडे आधी पाहुणा, मग तलाव, मग पार्किंग, आणि शेत? ते पाटीवर.

दापोली-गुहागरकडे अजून 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी दिसते. घरात माणसं असतात, ती जे खातात तेच पाहुण्याला मिळतं. वसईत अशी घरं नाहीत असं नाही. गेल्या हिवाळ्यात आगाशीजवळ अशाच एका वाडीत राहिलो. कौलारू घर, पुढे ओटा, वर माळ्यावर पाहुण्यांची खोली. जाहिरात नाही, ओळखीनं कळलेलं. टीव्ही नव्हता आणि त्याची कुणाला आठवणही झाली नाही.

न्हाणीत शॉवर नव्हता. बादली आणि तांब्या. मुंबईचं एक जोडपं कुरकुरलं. घरच्या काकींनी वाद घातला नाही. त्यांना विहिरीवर नेलं. विहिरीच्या आतल्या बांधकामात दगडांचे थर दिसत होते. काकी म्हणाल्या, 'तो काळा थर बघा. तो उघडा पडला की आम्ही पंप अर्धा तासच लावतो. आणि केळीला पाणी एक दिवसाआड.' जोडप्यानं वाकून पाहिलं. थर उघडा पडायला वीतभर पाणी बाकी होतं. नंतर बादलीबद्दल कुणी बोललं नाही.

हे खरं हटके. मुंबईत बारा मजले वर राहणाऱ्या माणसाला आपण वापरतो ते पाणी किती उरलंय हे डोळ्यांनी दिसत नाही. इथे दिसलं. कुठल्या त्रिकोणी कॉटेजात हे मिळतं?

संध्याकाळी काकींच्या सासूबाई आणि शेजारीण ओट्यावर बसून कादोडी बोलीत बोलत होत्या. मला अर्धं कळत होतं, अर्धं निसटत होतं. पाहुण्यांसाठी म्हणून त्यांनी काही केलं नाही. कुणाला नटवून फोटोला उभं केलं नाही. ताटात तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, शेवटी अर्धं सुकेळं. अर्धंच, कारण त्या वर्षी अवकाळी आभाळानं निम्मा मांडव खाल्ला होता. निघताना पुडी विकत मागितली तर काकी म्हणाल्या, 'या वर्षी घरच्यापुरतंच आहे. पुढच्या वर्षी आधी सांगा, जास्त घालू.'

यात धंद्याची अक्कल नाही का? भरपूर आहे. आधी मागणी कळली, तर राजेळी जास्त लावता येते, मांडव मोठा घालता येतो, जास्तीची बाई कामाला बोलावता येते. वाडी टिकते ती अशा आगाऊ मागणीवर.

महापालिकेनं काय करावं? पहिलं काम फार साधं आहे. बावखलं मोजा, नकाशावर घाला, बुजवणाऱ्याला दंड करा. दुसरं, हिरव्या पट्ट्यातल्या प्रत्येक पोहायच्या तलावाला पाणी कुठून येतं, हे मालकाकडून लिहून घ्या आणि गेटावर लावायला लावा. घरपट्टी वसूल करायला माणूस दारात पोचतो, तो माणूस कूपनलिकेचं मीटर बघायला का पोचत नाही?

समुद्राचंही तेच. भुईगाव-कळंबच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं मुळासकट आडवी पडताना दिसतात, किनारा आत सरकतोय. धुळवडीला समुद्रात माणसं बुडाल्याच्या बातम्या येतात. किनाऱ्याला चिकटून रिसॉर्ट थाटणाऱ्यांनी गेटावर दारूच्या सवलतीचा फलक लावण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा लिहायला काय हरकत आहे? खडूचे चार आणे लागतात.

पण सरकार जागं होईपर्यंत वाट बघायची गरज नाही. गिऱ्हाईक आपण आहोत. तलाव आहे का, असं दहा जण विचारतात म्हणून मालक तलाव खणतो. वाडी आहे का, असं दहा जणांनी विचारलं तर तो केळ लावील. नंदाखालचा मालक असो की नालासोपाऱ्याचा, गिऱ्हाइकाची भाषा त्याला लगेच कळते.

नाताळच्या सुट्टीचं बुकिंग आत्ता सुरू झालंय. फोन लावाल तेव्हा दर विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा. पाणी कुठून येतं, आणि मागच्या बाजूला काय पिकतं? पहिल्याचं उत्तर 'टँकर' आणि दुसऱ्याचं 'तिथे पार्किंग आहे सर' असं आलं, तर फोन ठेवा आणि पुढचा नंबर फिरवा.